चौथा टप्पा

नवा हायवे झाला तेव्हापासून
पिंपळखुट्याचा जुना रस्ता मोकळा आहे.
मोकळा म्हणजे,
भर डांबरावर कुणी तूर वाळत घातली आहे
आणि तिच्या कडेने सायकल काढताना
राखणीचं कुत्रंही मान वर करत नाही.

सव्वीस वर्षं मी या रस्त्यावर होतो
आणि मला तो माहीत नव्हता.
कंडक्टरचं तोंड माणसांकडे.
अर्धं, पूर्ण, सुट्टे द्या, मागे सरका,
मधे नाही थांबणार.
रस्ता पाहायचा तो मडावी ड्रायव्हरने.
मला तो तळपायातून कळायचा:
दोन गचके म्हणजे नाल्याचा पूल,
लांबलचक डावीकडे कलणं म्हणजे दहेगाव,
तेव्हा हात आपोआप वरच्या दांडीला जायचा.

आता पुतण्याची जुनी गिअरची सायकल आहे.
गिअर दोनच पडतात.
पौषातली सकाळ, कानाला मफलर,
आणि दहेगाव आलं की अजूनही
डावा हात हँडल सोडून
हवेत दांडी शोधतो.

तिथे वळण का आहे, ते परवा कळलं.
मोहाचं झाड आहे. थोरलं.
रस्ताच त्याला वळसा घालून गेलाय.
हजारो वेळा कललो मी त्याच्यासाठी
आणि ओळख नव्हती.

पुढे चढ आहे.
चढ! कुणी बोललं नाही कधी.
मडावी तिथे नुसते ओठ आवळायचा,
मला वाटायचं, दाढ दुखते.

बाभळींना आता कापूस लागत नाही.
जिनिंगला जाणाऱ्या गाड्या घासून जायच्या तेव्हा
काट्याकाट्याला पांढरी चिंधी असे.
आता काटे नुसते काटे.
पाखरं घरट्यात काय अंथरत असतील, कोण जाणे.

उतारावर पाय थांबवले
की मागच्या चाकातून टक टक टक,
जसं लांब कुणी
रिकाम्या गाडीत तिकिटं पंच करतंय.
बाकी काही नाही. एक होला, तोही मधूनच.

सावळीच्या थांब्यावर पत्रे शाबूत आहेत.
खाली वच्छलाबाई नेवारे,
हरभऱ्याच्या भाजीचं गाठोडं मांडीशी.
"बाई, इथे गाडी येत नाही आता."
"मालूम हाय. सावलीत बसली."
मग डोळ्यांवर हात धरून:
"तुमीच ना ते?
मा कोंबळ्याचं तिकीट फाडलं होतं."

नियम होता.
नियम मला अजून पाठ आहे,
पण नियम सांगायला खाली बस लागते.

गाठोडं कॅरिअरवर बांधलं.
ती त्या बाजूने, मी या बाजूने,
सायकल मधे, तीन माणसांसारखे
फाट्याच्या बाजारापर्यंत चालत गेलो.
पायी तो टप्पा भलताच मोठा निघाला.
मी विचारलं, त्या कोंबड्याचं पुढे काय झालं?
"जावयानं खाल्ला," ती म्हणाली,
आणि बरंच अंतर
आम्ही दोघंही काही बोललो नाही.

फाट्यावर तिने ओच्यातून बोरं काढली.
"घ्या. कोंबळ्याचे तवाच देल्ले होते.
हे गाठोळ्याचे."
हिशोब चोख होता. पावती मागितली नाही तिने.

परत येताना बिया थुंकत आलो.
मोहाखाली टेकलो, मडावीला फोन लावला.
म्हटलं, दहेगावच्या पुढे चढ आहे, तुला माहीत होतं?
"कुठला चढ?" तो म्हणाला.
"तिथं तुझं सुट्ट्यावरून भांडण व्हायचं रोज.
तेवढंच ध्यानात आहे."